यंत्रासनावरचे आयुष्य

(बेल्लमपल्ली येथील मराठी वाचकांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा लेखी मजकूर)



शताब्दीच्या निमित्ताने योजिलेल्या व्याख्यानांत संतवाङ्मय, नाटक, कविता यांच्या पंगतीला हेलिकॉप्टर वैमानिकाच्या आरोग्याचा विषय यावा, याचे काहींना नवल वाटेल. परंतु शंभर वर्षे पुस्तके सांभाळणाऱ्या संस्थेला हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. जुने ग्रंथपाल सांगतात की, पुस्तक फाडणारा वाचक क्वचित भेटतो. पुस्तकाची खरी हानी होते ती फळीवर ते वर्षानुवर्षे तिरके कलून राहिल्याने. त्याचा कणा पिरगळतो, शिवण सैल होते आणि एके दिवशी पाने हातात येतात. कोणी ओढले नाही, कोणी आपटले नाही; केवळ रोजचे तिरके राहणे त्याला भोवले. माणसाच्या देहाचेही असेच आहे. दीर्घ व्यवसायात शरीर मोडते ते एखाद्या मोठ्या आघाताने क्वचित. बहुधा ते मोडते रोजच्या लहान वाकडेपणाने. हेलिकॉप्टर वैमानिकाचे उदाहरण या सत्याचे फार स्वच्छ दर्शन घडविते.

बेल्लमपल्लीत हा विषय मांडण्यामागेही कारण आहे. बल्लारशाहून काझीपेठकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचे हे कोळशाचे गाव. पूर्वी ते आदिलाबाद जिल्ह्यात होते. ११ ऑक्टोबर २०१६ च्या पुनर्रचनेपासून ते मंचिर्याल जिल्ह्यात मोडते. सिंगरेणीच्या कोळशाचा शोध १८७१ साली भूगर्भशास्त्रज्ञ डॉ. विल्यम किंग यांनी येल्लंदूकडे लावला, १८८६ साली त्यासाठी कंपनी निघाली, १९२० साली तिला सिंगरेणी कॉलरीज हे नाव मिळाले आणि त्याच दशकाच्या उत्तरार्धात बेल्लमपल्लीच्या खाणी सुरू झाल्या. तेव्हापासून फुप्फुसातली धूळ, पाठीचे दुखणे, कानाचे मांद्य हे शब्द या गावाला पुस्तकातून शिकावे लागले नाहीत.

काळाच्या ओघात भुयारी खाणींच्या जोडीला, आणि पुष्कळ ठिकाणी त्यांच्या जागी, खुल्या खाणी आल्या. बेल्लमपल्ली विभागातील खैरागुडाच्या खुल्या खाणीत टोपली आणि कुदळ यांचे राज्य नाही. तेथे अवजड डंपर धावतात आणि त्यांच्या आसनावर एक माणूस सबंध पाळीभर बसून असतो. त्याचे श्रम पाहणाराला दिसत नाहीत. घाम गाळून ओझे उचलणाऱ्याविषयी समाजाला कणव वाटते. बसून काम करणाऱ्याला काय त्रास, असे म्हटले जाते. आकाशात उडणाऱ्याविषयी तर कौतुकच असते. पण खुल्या खाणीतला डंपरचालक आणि हेलिकॉप्टरचा वैमानिक हे एकाच यातनेचे भागीदार आहेत. दोघांचेही यंत्र थरथरते, दोघांचेही हातपाय यंत्राला जखडलेले असतात, दोघांच्याही कानांवर सतत घरघर आदळते आणि दोघांच्याही चुकीची किंमत दुसऱ्या कोणाला तरी मोजावी लागते.

शेवटचा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे. जुलै २०२२ मध्ये गोदावरी आणि तिच्या उपनद्या कोपल्या. त्या पुरात मंचिर्याल जिल्ह्याच्या चेन्नूर मंडळातील सोमनपल्ली येथे दोघे जण पाण्याच्या टाकीवर अडकून पडले होते. चहूकडे पाणी, खाली उतरायला वाट नाही. भारतीय वायुसेनेच्या चेतक हेलिकॉप्टरने त्यांना उचलून सुरक्षित स्थळी नेले. वृत्तपत्रांतून ही वार्ता पुष्कळांनी वाचली असेल. त्या वेळी वैमानिकाचे शरीर काय करीत होते, याचा विचार मात्र फारसा कोणी केला नसेल.

हेलिकॉप्टर हवेत एका जागी स्थिर ठेवणे, हे उडविण्यातले अत्यंत कठीण काम मानले जाते. वैमानिकाच्या उजव्या हातात दिशा देणारा दांडा असतो. यंत्र वर-खाली नेणारा दुसरा दांडा आसनाच्या डाव्या अंगाला, खाली, जवळजवळ मांडीच्या पातळीवर असतो. दोन्ही पाय पेडलांवर असतात. चारही अवयवांनी क्षणाक्षणाला बारीक बारीक दुरुस्ती करीत राहावे लागते. एकही अवयव मोकळा नसतो. दोराने माणूस वर घेताना खालचे दृश्य वैमानिकाला धड दिसत नाही. दोर सांभाळणारा सहकारी कानात सांगत असतो, ‘थोडे पुढे, थोडे उजवीकडे, थांबा’, आणि त्या शब्दांवर विसंबून वैमानिक यंत्र हलवितो. म्हणजे दोराला लटकलेल्या माणसाचा जीव वैमानिकाच्या कंबरेवर, कानावर आणि जागेपणावर लटकलेला असतो. त्याची प्रकृती ही त्याची खासगी बाब राहत नाही.

आता त्या बसण्याच्या रीतीकडे पाहू. डावा हात खाली आणि उजवा हात दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये, अशा स्थितीत उजवा हात मांडीवर टेकवून स्थिर ठेवायचा तर धड पुढे झुकते आणि किंचित डावीकडे कलते. पाठीमागचा टेका सुटतो. कंबरेचा स्वाभाविक बाक नाहीसा होतो. जगभरच्या हेलिकॉप्टर वैमानिकांना ही वाकडी बैठक ठाऊक आहे. अनेक देशांतील पाहण्यांत निम्म्याहून अधिक वैमानिकांनी कंबरदुखीची तक्रार नोंदविली आहे. आरंभी हे दुखणे उड्डाणात सुरू होते आणि उतरल्यावर काही तासांत ओसरते. पुढे ते रात्रीपर्यंत टिकते. त्याहीपुढे ते मुक्कामाला येते.

या दुखण्याचा दोष प्रथम कंपनावर ठेवला गेला, आणि त्यात तथ्यही आहे. बहुतेक हेलिकॉप्टरांचा मुख्य पंखा मिनिटाला तीनशे ते चारशे फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला सुमारे पाच-सहा. बसलेल्या माणसाचे धड व कणा सेकंदाला साधारण चार ते सहा कंपनांना सर्वांत अधिक प्रतिसाद देतात. झोका योग्य वेळी ढकलला की तो जसा उंच जातो, तसे त्या गतीच्या कंपनाने शरीर यंत्राहूनही अधिक हलू लागते. परंतु १९८० च्या दशकात अमेरिकेत झालेल्या एका प्रयोगाने विचाराला वेगळे वळण दिले. काही माणसांना हेलिकॉप्टरसारख्या आसनावर वैमानिकाच्या बैठकीत बसविले. एकदा कंपन देऊन, एकदा न देता. दोन्ही वेळा कंबर सारखीच दुखली. याचा अर्थ कंपन निर्दोष ठरले असा नव्हे. वर्षानुवर्षांच्या कंपनाचे परिणाम एका प्रयोगात मोजता येत नाहीत. पण एवढे दिसून आले की, धडधडणाऱ्या यंत्राच्या आधी निमूट वाकडी बैठकच माणसाला पीडा देते. जे दिसते, ऐकू येते, त्यावर आपण दोष ठेवतो. जे सवयीचे झाले आहे, त्याकडे लक्ष जात नाही.

येथून पहिला धडा निघतो. उपाय प्रथम आसनावर व्हावा, नंतर माणसावर. ज्याच्या कंबरेला आधार मिळतो, ज्याची उंची बसणाऱ्याच्या मापाने बदलता येते, असे आसन हे चैनीचे साधन नसून कामाचे हत्यार आहे. डंपरचालकाच्या बाबतीत हेच सूत्र रस्त्याला लागू पडते. खाणीतला वाहतुकीचा रस्ता नीट सपाट ठेवला, आसनाखालची स्प्रिंग वेळेवर बदलली, तर त्याच्या कण्याला बसणारे हादरे कमी होतात. चालकाला ‘व्यायाम कर’ म्हणून सांगणे सोपे. रस्त्यावरचा खड्डा बुजविणे खर्चाचे. पण खड्डा तसाच ठेवून व्यायामाचा उपदेश करणे, हे गळके छप्पर तसेच ठेवून पुस्तके उन्हात वाळविण्यासारखे होय.

दुसरा धडा शरीराच्या मशागतीचा. आसन कितीही सुधारले तरी कणा उभा धरतात ते पोटाचे आणि पाठीचे खोल स्नायू. तासन्‌तास बसून ते दुबळे होतात. रात्रीच्या उड्डाणात शिरस्त्राण, अंधारात पाहण्याचा चष्मा आणि तोल साधण्यासाठी मागे लावलेले वजन मिळून दोन-तीन किलोंचा भार मानेवर येतो, म्हणून मानेची निगाही तितकीच आवश्यक. स्वीडनच्या वायुदलातील हेलिकॉप्टर वैमानिकांवर झालेल्या एका अभ्यासात मान व खांदे यांच्या नियमित, हलक्या व्यायामाने मानेचे दुखणे कमी झाल्याचे आढळले. तेथे पैलवानी कसरतीची गरज पडली नाही, सातत्य पुरले. महाराष्ट्राला हे नवे नाही. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा प्रसार आयुष्यभर केला, तो आधी स्वतः नित्यनेमाने आचरून. मात्र ज्याच्या कण्यातली चकती आधीच दुखावली आहे, त्याने पुढे वाकण्याचे व्यायाम वैद्यकीय सल्ल्यावाचून करू नयेत. चालणे, पोहणे आणि दोन उड्डाणांच्या मध्ये पाच मिनिटे पाठ ताठ करून उभे राहणे, हे निरुपद्रवी उपाय बहुतेकांना मानवतात.

कानाची गोष्ट याहून करुण आहे. कंबर दुखते तेव्हा ओरडते. कान जातो तेव्हा गप्प जातो. पुष्कळशा हेलिकॉप्टरांच्या कक्षात आवाज नव्वद डेसिबलांच्या वर असतो. अशा आवाजाने आतल्या कानातील सूक्ष्म रोमपेशी नष्ट होतात आणि त्या पुन्हा उगवत नाहीत. प्रथम जातात ते वरच्या पट्टीतले, सेकंदाला चार हजार कंपनांच्या आसपासचे स्वर. भाषेच्या अभ्यासकाला याचा अर्थ चटकन कळेल: स्वर ऐकू येत राहतात, स, श, फ अशी ऊष्म, सळसळती व्यंजने हरवतात. माणसाला वाटते, ‘ऐकू तर येते आहे, समोरचाच पुटपुटतो आहे.’ घरातल्यांशी बोलताना हे गमतीवारी नेता येते; दोरावर माणूस लोंबकळत असताना नेता येत नाही. शिरस्त्राणाच्या आत मऊ बोळेही घालावेत, असा दुहेरी संरक्षणाचा सल्ला वैमानिकांना दिला जातो. पन्नास पैशांच्या वस्तूइतका क्षुल्लक वाटणारा तो बोळा निवृत्तीनंतर नातवंडांचे बोलणे ऐकवितो.

तिसरी गोष्ट पाण्याची. या कोळसापट्ट्यातला उन्हाळा येथील श्रोत्यांना वर्णून सांगायला नको. पारा पंचेचाळीस अंशांवर जाणे येथे नवलाचे नाही. काचेच्या मोठ्या तावदानांतून ऊन आत येते आणि हेलिकॉप्टरचा लहानसा कक्ष तापतो. त्यात बहुतेक हेलिकॉप्टरांत लघुशंकेची सोय नसते, म्हणून पुष्कळ वैमानिक उड्डाणापूर्वी पाणी पिण्याचेच टाळतात. ही लहानशी, समजण्याजोगी लबाडी शरीर विसरत नाही. लघवी घट्ट होते, मूतखडे धरतात, आणि त्याआधीच लक्ष ढळू लागते, निर्णय मंदावतात. उड्डाणात मूतखड्याची कळ उठली तर काय होईल, हे सांगायला नको. म्हणूनच खडा आढळलेल्या वैमानिकाला तो निघेपर्यंत जमिनीवर ठेवले जाते. डंपरचालक, रेल्वेचे इंजिनचालक, दूरच्या बसगाड्यांचे चालक, रहदारीच्या चौकात उभे राहणारे पोलीस, विशेषतः या कामांतील स्त्रिया, यांना हे दुःख सांगावे लागत नाही. येथेही उपदेशाआधी सोय हवी.

चौथी गोष्ट श्वासाची. कार्बन मोनॉक्साइड हे नाव खाणीच्या गावात सर्वांच्या परिचयाचे. भुयारात आग लागली की रंग नाही, गंध नाही असा हा वायू जीव घेतो; रक्तातील प्राणवायूची जागा तो बळकावतो. हाच वायू विडी-सिगारेटच्या धुरातून थोड्या थोड्या प्रमाणात रक्तात शिरतो. समुद्रसपाटीपासून अठरा हजार फुटांवर हवेचा दाब निम्मा होतो. सियाचिनमध्ये एप्रिल १९८४ पासून भारतीय वैमानिक चीता हेलिकॉप्टरने याहूनही उंच ठिकाणी रसद पोहोचवीत आणि आजारी जवानांना खाली आणीत आले. तेथे श्वासाचा कण न्‌ कण मोलाचा. धूम्रपान करणारा माणूस, रक्तातील प्राणवायूच्या दृष्टीने पाहता, जमिनीवर असतानाच काही हजार फूट वर चढलेला असतो. खाणीत ज्याला शत्रू म्हणून ओळखतो, त्यालाच पाळी संपल्यावर काडी लावून ओठांवर घेणे, यातली विसंगती बोलून दाखविण्याचीही गरज नाही.

झोपेविषयी एकच सांगणे पुरे. सलग सतरा तास जागलेल्या माणसाच्या हालचाली आणि निर्णय मद्य घेतलेल्या माणसासारखे घसरतात, असे प्रयोगांनी दाखविले आहे. मद्य घेतलेल्याला यंत्रावर कोणी बसू देणार नाही. न झोपलेल्याचे मात्र ‘कामसू’ म्हणून कौतुक होते.

आता या विषयाचा गाभा. वैमानिकाची ठराविक मुदतीने वैद्यकीय तपासणी होते. डोळे, कान, हृदय, रक्तशर्करा, मन, सारे पाहिले जाते. भारतात या शास्त्राची परंपरा जुनी आहे. १९५७ साली बंगळूर येथे वायुसेनेची विमानवैद्यक शिकविणारी संस्था सुरू झाली. व्यापारी उड्डाणे करणारा वैमानिक पासष्टाव्या वर्षापर्यंत काम करू शकतो, पण प्रत्येक तपासणीत पात्र ठरला तरच. खाणीतही नियमांनुसार कामगाराची वैद्यकीय तपासणी ठराविक काळाने करावी लागते. दोन्हीकडे हेतू उत्तम. परंतु दोन्हीकडे डॉक्टरच्या टेबलावर आरोग्याबरोबर भाकरीही तोलली जाते. वैमानिकाला भय असते की, दुखणे सांगितले तर परवाना जाईल. म्हणून तो दुखणे लपवितो. सिंगरेणीच्या पट्ट्यात, अपात्र ठरलेल्या कामगाराच्या वारसाला नोकरी देण्याची तरतूद असल्याने, कित्येक घरांत बापाचे दुखणे हीच मुलाची आशा होऊन बसते. एकाला निरोगी दिसण्याची निकड, दुसऱ्याला रोगी ठरण्याची. दोघांच्याही देहाचे खरे बोलणे कोणाच्या कानावर जात नाही. दोष त्या माणसांना देणे सोपे आहे, पण अन्यायाचे आहे. पोटाची काळजी असलेला माणूस शरीराविषयी निर्मळपणे बोलू शकत नाही.

म्हणून दीर्घ व्यवसायातील आरोग्याचे सर्वांत मोठे औषध म्हणजे निर्भय वातावरण. ‘पाठ दुखते’ असे तिसाव्या वर्षी सांगणाऱ्याला दोन महिने जमिनीवरचे काम देऊन, उपचार करून, पुन्हा आसनावर बसविता येते. तेच पंचेचाळिसाव्या वर्षापर्यंत लपविले तर आसन कायमचे सुटते. लवकर सांगितलेले दुखणे नोकरी वाचविते. लपविलेले दुखणे ती घालविते. हे ज्या संस्थांनी आपल्या माणसांना वागणुकीतून पटवून दिले, त्यांचीच माणसे दीर्घकाळ टिकली. घरच्या माणसांचाही यात वाटा आहे. रात्री कूस बदलताना उठणारा कण्हण्याचा आवाज डॉक्टर ऐकत नाही. पत्नी ऐकते, आई ऐकते. तो आवाज दडपण्यात नव्हे, योग्य जागी पोहोचविण्यात प्रेम आहे.

उड्डाणात वार्धक्य अटळपणे अडसर होते असेही नाही. जे. आर. डी. टाटा यांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून मुंबईच्या जुहू विमानतळावर टपाल आणले. बरोबर पन्नास वर्षांनी, १५ ऑक्टोबर १९८२ रोजी, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्यांनी तशाच जुन्या पद्धतीच्या लहान विमानातून तोच प्रवास पुन्हा केला. ते हेलिकॉप्टर नव्हते आणि टाटांचे जीवन सर्वसामान्य नव्हते, हे खरे. पण नियमित व्यायामाची आवड त्यांनी उतारवयातही सोडली नव्हती, हेही तितकेच खरे. अर्धशतकाच्या अंतराने तेच काम करू शकणे, याला नशिबाची साथ लागते. केवळ नशिबाने मात्र ते साधत नाही.

ग्रंथालयाच्या सभासदांपैकी फार थोडे हेलिकॉप्टर उडवितील. परंतु आसनावर बसून आयुष्य काढणारे येथे पुष्कळ आहेत. शिक्षक, कारकून, शिवणयंत्रावर वाकलेल्या भगिनी, रिक्षाचालक, आणि खुर्चीत मुडपून तासन्‌तास वाचणारे रसिकही. त्या सर्वांना वैमानिकाच्या अनुभवातून चार गोष्टी सहज उचलता येतील: आपली बैठक एकदा तिऱ्हाइताच्या नजरेने तपासून घ्यावी; तासाभराने उठावे; तहान लागण्याची वाट न पाहता पाणी प्यावे; आणि दुखणे लहान असतानाच बोलावे. ज्यांच्या हाती इतरांची आसने आहेत, त्या मालकांनी, अधिकाऱ्यांनी आणि संस्थाचालकांनी पाचवी गोष्ट ध्यानी ठेवावी. बोलणाऱ्याला शिक्षा होणार नाही, एवढे त्यांनी पाहावे. तेवढे झाले तर उरलेल्या चार गोष्टी माणसे आपण होऊन करतील.

 सभा संपली की सर्वांनी प्रथम उभे राहून पाठ सरळ करावी, एवढीच विनंती.